शून्य अंशावरचे शहर : कीतोमधील सहा दिवस

हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन याची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किलोमीटर लांबीची पायारेषा, म्हणजे ज्या रेषेवरून पुढचे सगळे त्रिकोण मोजायचे ती, मोजून या माणसाने भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, पुढची वीस वर्षे तो त्रिकोणामागून त्रिकोण मोजत उत्तरेकडे सरकत राहिला आणि हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये आमच्या गावी मरण पावला. त्याचे अर्धवट राहिलेले काम ज्याने पुढे नेले, त्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वोच्च शिखराला मिळाले. मी गावातल्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला आणि दरवर्षी नववीच्या मुलांना त्या कबरीपाशी नेऊन उभे केले.

मुलांचा एक प्रश्न ठरलेला असे. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे कोणी पाहिले? त्याचे उत्तर मला दक्षिण अमेरिकेत न्यावे लागे. अठराव्या शतकात न्यूटनचे अनुयायी पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे असे म्हणत आणि फ्रान्समधील कासिनी घराण्याचे ज्योतिर्विद तिला ध्रुवांकडे लांबट समजत. वाद मिटवायचा तर एक अंश अक्षांशाचे अंतर ध्रुवाजवळ किती भरते आणि विषुववृत्ताजवळ किती भरते, हे जमिनीवर मोजणे एवढाच मार्ग होता. फ्रेंच विज्ञान अकादमीने एक तुकडी लॅपलंडला धाडली आणि दुसरी १७३५ मध्ये कीतोला रवाना केली. शाळेच्या नकाशात आम्ही या शहराचे नाव ‘क्विटो’ असे वाचत आलो. तिथले लोक मात्र ‘कीतो’ म्हणतात, म्हणून येथे तसेच लिहितो. इक्वेडोरची ही राजधानी पाहण्याची इच्छा निवृत्तीनंतर सहा वर्षांनी पुरी झाली. माद्रिदला नोकरी करणाऱ्या लेकीला स्पॅनिश उत्तम येते. तिनेच २० मार्चचा विषुवदिन साधेल अशा बेताने तिकिटे काढली, आणि मी, पत्नी व लेक असे तिघे निघालो.

पहिला दिवस, १७ मार्च

माद्रिदहून अकरा तासांच्या उड्डाणानंतर विमान ढगांतून खाली आले, तेव्हा दोन्ही बाजूंना खोल दऱ्या आणि मध्ये एक सपाट, हिरवे पठार दिसले. कीतोचा जुना विमानतळ शहराच्या मध्यभागी होता. २०१३ पासून तो पूर्वेकडे ताबाबेला येथे, याच पठारावर आहे. धावपट्टीवर चाके टेकली त्या क्षणी पत्नीने माझ्याकडे पाहिले, कारण माझे डोळे भरून आले होते. याच यारुकीच्या पठारावर १७३६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या फ्रेंच तुकडीतल्या ला कोंदामीन, बूगे आणि गोदँ यांनी आपली पायारेषा मोजली होती. तीही सुमारे १२ किलोमीटरच होती. लाकडी दांडे एकापुढे एक ठेवत दोन तुकड्या विरुद्ध टोकांकडून मोजत निघाल्या, आणि दोन्ही मापांत वीतभरही फरक पडला नाही. एवढ्या अंतरात, एवढ्या चढउताराच्या जमिनीवर! मी वर्गात हे सांगत असे तेव्हा मुले ‘असेल’ म्हणून वहीत लिहून घेत. ते पठार प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या अचूकतेचे मोल मला नव्याने कळले.

विमानतळावरून शहराकडे जाणारा रस्ता आधी दरीत उतरतो आणि मग सतत चढत जातो. कीतो समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे त्या माथ्याच्याही बाराशे मीटर वर हे लाखो वस्तीचे शहर वसलेले आहे. राहण्याच्या ठिकाणचे दोन जिने चढताना मधल्या वळणावर आम्हाला थांबावे लागले. व्यवस्थापक बाईंनी हसून खुर्ची दिली आणि पहिल्या दिवशी हलके जेवा, भरपूर पाणी प्या, भराभर चालू नका असे लेकीमार्फत बजावले.

सोबतच्या पातेल्यात पत्नीने मुगाची खिचडी लावली, ती नेहमीच्या वेळेत शिजेना. या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे ते कितीही खळखळले तरी डाळीला पुरेशी उष्णता मिळत नाही. खिचडीला दीडपट वेळ लागला. सहा वाजून गेल्यावर दिवस मावळू लागला आणि पाहता पाहता अंधार झाला. येथे सूर्य क्षितिजावर जवळजवळ सरळ उतरतो, म्हणून संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो.

दुसरा दिवस, १८ मार्च

आजचा सबंध दिवस जुन्या शहराला दिला. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांची पहिली यादी केली, तीत पोलंडमधील क्राकोबरोबर कीतोच्या या भागाचा समावेश होता. इंकांच्या काळी येथे वस्ती होती. स्पॅनिश सैन्य जवळ आले तेव्हा इंका सेनापती रूमिन्यावी याने ते नगर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जाळून टाकले, आणि त्या राखेवर ६ डिसेंबर १५३४ रोजी बेनालकासार याने स्पॅनिश शहराची स्थापना केली. आखीव चौकटीतल्या गल्ल्या डोंगरउतारावर तशाच रेटून नेल्या असल्यामुळे काही रस्ते इतके उभे आहेत की वरच्या टोकाला उभे राहिले तर खालच्या घरांची कौलेच तेवढी दिसतात.

मेट्रोने सान फ्रान्सिस्को स्थानकावर उतरलो. ही मेट्रो २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाली. सुमारे २२ किलोमीटर लांब आणि १५ स्थानकांची. तिकीट ४५ सेंटचे. इक्वेडोरचे स्वतःचे चलन २००० साली बंद झाले आणि तेव्हापासून येथे अमेरिकी डॉलर चालतो. सुटी नाणी मात्र त्यांनी स्वतःचीही पाडली आहेत, ती हातात घेऊन पाहण्याजोगी आहेत.

स्थानकातून वर आलो तो थेट सान फ्रान्सिस्कोच्या विस्तीर्ण दगडी चौकात. समोर फ्रान्सिस्कन मठाचे पांढरे मनोरे, मागे पिचिंचा पर्वताची हिरवी भिंत, आणि चर्चपुढे चढणाऱ्या अर्धवर्तुळाकार पायऱ्या, ज्यांचा निम्मा भाग बाहेर फुगलेला आणि उरलेला आत वळलेला आहे. या पायऱ्यांच्या ओट्याविषयी एक दंतकथा प्रत्येक कीतोवासी सांगतो. कांतुन्या नावाच्या स्थानिक कारागिराला हे बांधकाम मुदतीत पुरे होईना, तेव्हा त्याने सैतानाशी करार केला: पहाटेपर्यंत शेवटचा दगड बसला तर माझा आत्मा तुझा. सैतानांनी रातोरात काम उरकले. कांतुन्याने मात्र एक दगड लपवून ठेवला आणि आत्मा वाचवला. एका आजीबाईंनी तो रिकामा कोनाडा दाखवण्यासाठी आम्हाला हात धरून नेले. आपल्याकडे एका रात्रीत देऊळ बांधताना कोंबडा आरवल्यामुळे कळस राहिला अशी कथा गावोगाव ऐकू येते. ती आठवून पत्नीने ही गोष्ट लेकीकडून दोनदा समजून घेतली.

चर्चच्या मुख्य वेदीवर बेर्नार्दो दे लेगार्दा याने १७३४ मध्ये घडवलेली पंखधारी मेरीची लहानशी मूर्ती आहे. पायाखाली साप, हातात त्याला बांधणारी साखळी, आणि शरीराला असा डौलदार बाक की जणू ती नृत्यातले पहिले पाऊल टाकते आहे. युरोपातल्या मूर्तींमध्ये असे पंख क्वचितच दिसतात. कीतो घराण्याच्या शिल्पकलेत स्थानिक कारागिरांनी बाहेरून आलेला धर्म स्वीकारला, पण त्यातल्या देहांना हालचाल आपली दिली. माझ्या मते जुन्या शहरात एकच वस्तू पाहायची असेल तर ही मूर्ती पाहावी.

तिथून चार पावलांवर जेसुइटांचे ला कोंपान्यिया हे चर्च आहे. १६०५ मध्ये काम सुरू झाले आणि १७६५ मध्ये संपले, म्हणजे एकशे साठ वर्षे गेली. बाहेरचा दर्शनी भाग करड्या ज्वालामुखी दगडाचा आहे, आणि आत पाऊल टाकताच भिंती, कमानी, छत सगळे सोन्याच्या वर्खाने मढवलेले. पहिल्या काही मिनिटांत त्या झळाळीमुळे नजर एका जागी ठरत नाही. मी एका बाकावर बसलो आणि एकच खांब निवडून तो खालपासून वरपर्यंत पाहिला, तेव्हा कोरीव कामातली वेलबुट्टी आणि भौमितिक जाळी उलगडू लागली. १९८७ च्या भूकंपाने आणि १९९६ च्या आगीने या वास्तूची मोठी हानी झाली होती, ती दुरुस्त करायला पुन्हा वर्षे लागली.

दुपारी प्लासा ग्रांदे या मुख्य चौकात बसलो. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा कारोंदेलेत वाडा, एका बाजूला कॅथेड्रल, मध्ये स्वातंत्र्यस्तंभ. १० ऑगस्ट १८०९ रोजी येथील नागरिकांनी स्पॅनिश अंमल झुगारून स्वतःचे शासन स्थापले; वर्षभरानंतर, २ ऑगस्ट १८१० रोजी, त्यांतल्या अनेकांची तुरुंगातच कत्तल झाली. स्तंभाच्या पायाशी जखमी सिंह काढता पाय घेताना दाखवला आहे. तो सिंह म्हणजे स्पेन. बाकांवर म्हातारी माणसे वर्तमानपत्र वाचत होती, बूटपॉलिशवाले पोरगे पेट्या घेऊन फिरत होते, आणि रंगीत शाली व फेल्टच्या टोप्या घातलेल्या आदिवासी स्त्रिया फळे विकत होत्या.

शाकाहाराची काळजी होती, ती ‘लोक्रो दे पापा’ने दूर केली. बटाट्याचे दाट सूप, त्यात ताजे चीज आणि वर आवोकादोच्या फोडी. बटाटा मूळचा याच अँडीज पर्वतातला, आणि बाजारात त्याचे इतके वाण मांडलेले होते की पत्नी त्यांच्यापुढून हलेना. लेकीने ‘एस्पुमिया’ हा फेसाळ गोड पदार्थ घेतला. त्यात अंडे असल्यामुळे आम्ही दोघांनी तो चाखला नाही, पण तो पेरूच्या गराचा असतो. ला कोंदामीनच्या काळी हा सगळा मुलूख पेरू या देशाच्या व्हाइसरॉयच्या अंमलाखाली होता, म्हणून फ्रेंचांच्या त्या मोजणीच्या मापाला ‘पेरूचे त्वाझ’ असेच नाव पडले (त्वाझ हे लांबीचे जुने फ्रेंच माप). पुढे मीटर ठरवताना हेच माप आधाराला घेतले गेले.

तिसरा दिवस, १९ मार्च

पत्नीचे डोके रात्रीपासून जड होते, म्हणून ती घरीच थांबली आणि लेक तिच्याजवळ राहिली. मी एकटाच पिचिंचाच्या उतारावर चढणाऱ्या रोपवेने वर गेलो. २००५ पासून चालणारी ही सोय प्रवाशाला सुमारे तीन हजार मीटरवरून चार हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडते. वर पिवळसर, ताठ गवताची माळराने, ज्यांना येथे ‘पारामो’ म्हणतात, आणि बोचरा वारा. खाली उत्तर-दक्षिण पसरलेले लांबट शहर संपूर्ण दिसते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्टने १८०२ मध्ये या दोन्ही बाजूंच्या शिखररांगांना ज्वालामुखींचा राजमार्ग म्हटले. लॅम्बटनने मद्रासला साखळी जमिनीवर टाकली तेही याच वर्षी. कोतोपाक्सीचा ५८९७ मीटर उंचीचा हिमशंकू मला मिनिटभरच दिसला. मग ढग आले आणि समोरचा खांबही दिसेना.

त्या ढगात उभे राहून मला बूगे आणि ला कोंदामीन यांची फार आठवण झाली. १७३७ मध्ये ते याच पर्वताच्या माथ्याजवळ झोपडी बांधून तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिले. दूरच्या डोंगरावरची खूण दुर्बिणीत दिसली तर कोन मोजता येणार, आणि ढग हटल्याशिवाय खूण दिसणार नाही. वाऱ्याने झोपडी उडू नये म्हणून ती दोरांनी बांधलेली, पाय सुजलेले, हात गारठलेले. मी गरम पेला हातात घेऊन विश्रामगृहात अर्धा तास बसलो होतो आणि तेवढ्यातच माझी बोटे बधिर झाली. अशा तऱ्हेने एकेक त्रिकोण जोडत त्यांनी कीतोपासून कुएन्कापर्यंत तीन अंशांहून अधिक अंतर मोजले, आणि त्यात सात-आठ वर्षे गेली. त्या काळात तुकडीच्या शल्यवैद्याचा कुएन्काला जमावाच्या हल्ल्यात मृत्यू झाला, प्रमुखांचे आपसांत बोलणे तुटले, आणि लॅपलंडची तुकडी आधीच परतून पृथ्वी चपटी असल्याचे सिद्ध करून गेली. तरीही यांनी काम सोडले नाही.

दुपारी उतरल्यावर ला अलामेदा बागेतली वेधशाळा पाहिली. १८७३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या वेधशाळांपैकी एक आहे. घुमटाखाली पितळेची जुनी मेर्त्स दुर्बीण आहे. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे येथून दोन्ही गोलार्धांचे आकाश वर्षभरात पाहता येते.

चौथा दिवस, २० मार्च

ज्या दिवसासाठी आलो तो दिवस उजाडला, तो ढगाळ. पत्नीला बरे वाटत होते. शहराच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर सान आंतोनिओ दे पिचिंचा येथे ‘मिताद देल मुंदो’, म्हणजे जगाचा मध्य, हे स्मारक आहे. सकाळी दहाला पोहोचलो तेव्हाच गर्दी होती. स्मारकाकडे जाणाऱ्या वाटेवर मोजणी करणाऱ्या विद्वानांचे अर्धपुतळे आहेत: गोदँ, बूगे, ला कोंदामीन, वनस्पतिशास्त्रज्ञ जूसिय, स्पेनचे नौदल अधिकारी होर्खे हुआन व आंतोनिओ दे उयोआ, आणि त्यांना मोलाची मदत करणारा याच भूमीचा विद्वान पेद्रो विसेन्ते माल्दोनादो. प्रत्येकापुढे मी थांबलो. एकतीस वर्षे ज्यांची नावे फळ्यावर लिहिली, त्यांची निदान दगडी तोंडओळख झाली.

स्मारक ३० मीटर उंच, चौकोनी, वर पृथ्वीगोल. १९३६ मध्ये, मोहिमेला दोनशे वर्षे झाली तेव्हा, येथे लहान स्तंभ उभारला होता. तो पुढे जवळच्या कालाकाली गावी हलवला आणि आताचे स्मारक १९८२ मध्ये पुरे झाले. जमिनीवर पिवळी रेघ काढली आहे आणि लोक तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून छायाचित्रे काढतात. आजच्या उपग्रहीय मोजणीप्रमाणे खरे विषुववृत्त या रेघेच्या सुमारे २४० मीटर उत्तरेला आहे. हे कळल्यावर काही प्रवासी हिरमुसतात. मला तसे वाटले नाही. २४० मीटर म्हणजे अक्षांशाचे आठ सेकंद. सबंध पृथ्वीच्या मानाने ही चूक किती लहान आहे याचा हिशेब मनात करून पाहावा.

परिसराबाहेरच्या एका खासगी संग्रहालयात एक माणूस पाण्याचे भांडे रेघेच्या दोन्ही बाजूंना ठेवून, उत्तरेला पाण्याचा भोवरा एका दिशेने आणि दक्षिणेला उलट दिशेने फिरतो असे दाखवत होता. लोक टाळ्या वाजवत होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे आणि समुद्रप्रवाह वळतात हे खरे, पण दोन हात अंतरावरच्या भांड्यात तो परिणाम दिसण्याइतका मोठा नसतो. पाणी ओतताना जसा हात फिरतो तसा भोवरा फिरतो. समोर शाळेची मुले बसलेली पाहून मला वाईट वाटले. ज्या भूमीवर इतक्या कष्टाने खरे मोजमाप झाले, तेथे मुलांना खोटा प्रयोग दाखवू नये.

मी हिंगणघाटच्या एका गवंड्याकडून पितळी ओळंबा मागून आणला होता आणि एक मीटरची सरळ काठी येथेच मिळवली. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आमच्या गावी तो मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, आणि शाळेच्या पटांगणात मी मुलांकडून तो मोजून घेत असे. विषुववृत्तावर तो आज. इक्वेडोरचे घड्याळ ७५ अंश पश्चिम रेखावृत्ताचे. कीतो त्याच्या साडेतीन अंश पश्चिमेला, म्हणजे चौदा मिनिटे उशिरा. शिवाय मार्चच्या या दिवसांत सूर्य आणखी सुमारे सात मिनिटे मागे असतो. म्हणून खरी मध्यान्ह बारा वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास.

बाराला ढग गच्च होते. सव्वाबारालाही होते. लेकीने काठी धरली, मी ओळंब्याने ती उभी आहे ना हे तपासत राहिलो, पत्नी घड्याळ पाहत राहिली. बारा एकवीस झाले, बारा पंचवीस झाले. सावली पडावी असे ऊनच नव्हते. ‘बाबा, राहू दे,’ असे लेक हळूच म्हणाली. मी काही बोललो नाही.

ऊन पडले बारा चाळीसला. काठीच्या पायाशी सुमारे आठ-नऊ सेंटिमीटरची सावली उमटली, आणि ती पिवळ्या रेघेवर, अगदी पूर्वेकडे, पडली होती. मध्यान्हीनंतर वीस मिनिटांत सूर्य पाच अंश कलतो. एक मीटरच्या काठीची सावली तेवढीच यायला हवी. मी खाली बसून ती पुन्हा मोजली. मग माझ्या लक्षात आले की शून्य सावलीचा क्षण चुकला असला तरी त्याहून मोठी गोष्ट समोर होती. विषुवदिनी विषुववृत्तावर सूर्य ना उत्तरेला असतो ना दक्षिणेला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीचे टोक एकाच पूर्व-पश्चिम रेषेवर चालते. आम्ही दर पंधरा मिनिटांनी खडूची खूण करत तीन वाजेपर्यंत तेथे बसलो. सावली लांबत गेली आणि प्रत्येक खूण रेघेवरच पडली. पाच-सहा मुले जमली, त्यांनी विचारले, लेकीने स्पॅनिशमध्ये समजावले, आणि तीनची खूण त्यांतल्या एका मुलीने केली. मी वर्गात ‘शून्य अंश’ हा शब्द हजारो वेळा उच्चारला असेन. त्याची रेषा सूर्य स्वतः काढतो हे मी त्या तीन तासांत डोळ्यांनी पाहिले.

रात्री अकराच्या सुमारास आकाश उघडले. गच्चीवरून उत्तरेला सप्तर्षी दिसत होते आणि दक्षिणेला त्रिशंकू, दोघेही जवळजवळ सारख्याच उंचीवर. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून रेघ ओढत गेलो तर ध्रुवतारा क्षितिजाशी, घरांच्या आणि डोंगरांच्या आड, बुडालेला होता. घरी तो वीस अंश वर असतो. पत्नी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभी होती.

पाचवा दिवस, २१ मार्च

सकाळी बासिलिका देल वोतो नासिओनाल पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले हे गॉथिक धर्तीचे भव्य चर्च अजून औपचारिकरीत्या पूर्ण झालेले नाही, आणि ते पूर्ण झाले की जग संपेल अशी लोकांची समजूत आहे. युरोपातल्या चर्चांच्या पन्हाळींवर राक्षसमुखे असतात. येथे त्यांच्या जागी याच देशातले कासव, इगुआना, माकड असे प्राणी बसवले आहेत. मनोऱ्याच्या शेवटच्या शिड्या अरुंद आणि जवळजवळ उभ्या आहेत. त्या मी चढलो नाही, लेक चढून आली.

दुपारी बेयाविस्ता टेकडीवर ओस्वाल्दो ग्वायासामीन या चित्रकाराचे घर आणि त्याने उभारायला घेतलेले ‘कापिया देल ओंब्रे’, म्हणजे माणसाचे प्रार्थनामंदिर, पाहिले. १९९९ मध्ये तो वारला आणि वास्तू २००२ मध्ये खुली झाली. त्याच्या चित्रांत हातच हात आहेत: खाणीत राबणाऱ्यांचे, याचना करणाऱ्यांचे, मुलाला छातीशी धरणाऱ्या आयांचे, हाडे दिसणारे लांब हात. तीन दिवसांपूर्वी पाहिलेले सोन्याने मढवलेले चर्च आठवले आणि ते सोने कोणाच्या हातांनी खाणीतून वर आणले, छतापर्यंत चढवले, हे या भिंतींवर लिहिलेले आहे असे वाटले. त्याच्या अस्थी त्यानेच लावलेल्या पाइन वृक्षाखाली आहेत. तेथे कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

सहावा दिवस, २२ मार्च

विमान संध्याकाळचे होते. सकाळी टॅक्सीने एल पानेसियो टेकडीवर जाऊन आलो. नावाचा अर्थ ‘छोटा पाव’. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला आणि यांचा ‘पान’ स्पॅनिश. दोन्ही शब्द लॅटिनचीच लेकरे. टेकडीवर लेगार्दाच्या त्या लहान मूर्तीची प्रचंड प्रतिकृती उभी आहे, सुमारे सात हजार ॲल्युमिनियमच्या तुकड्यांची, १९७० च्या दशकातली. आकाराने दिपावणारी आहे. सान फ्रान्सिस्कोतल्या मूर्तीचा डौल मात्र मला तिच्यात सापडला नाही. तेथून शहर पाहावे हे उत्तम.

विमानतळाकडे जाताना मी टॅक्सीचालकाला ओयांबारोला नेण्याची विनंती केली. त्याला ते ठिकाण शोधायला दोनदा विचारावे लागले. पायारेषेच्या दोन टोकांना, काराबुरो आणि ओयांबारो येथे, ला कोंदामीनने दगडी पिरॅमिड बांधले होते. त्यांवर कोणाची नावे कोरायची आणि फ्रान्सच्या राजचिन्हाला वर जागा द्यायची का, यावरून स्पॅनिश अधिकाऱ्यांशी खटला झाला, आणि शेवटी स्पेनच्या दरबाराने ते पाडण्याचा हुकूम दिला. खुणा गेल्या की मोजणी पुन्हा पडताळता येत नाही, याची दरबाराला पर्वा नव्हती. देश स्वतंत्र झाल्यावर, १८३६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रोकाफुएर्ते यांनी ते पुन्हा उभारले.

आम्ही पोहोचलो तेव्हा तेथे आमच्याशिवाय कोणी नव्हते. पिरॅमिड फार मोठा नाही. आसपास शेते, मक्याचे उभे पीक, दूर कुत्र्याचे भुंकणे. मी ओळंबा काढून पिरॅमिडच्या शेजारी धरला आणि तो स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. बूगेने १७३८ मध्ये चिंबोरासो पर्वताच्या उतारावर असाच ओळंबा धरून, पर्वत त्याला आपल्याकडे ओढतो का हे मोजण्याचा प्रयत्न केला होता. चिंबोरासोची उंची ६२६३ मीटर, एव्हरेस्टपेक्षा पुष्कळ कमी. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असल्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेले शिखर तेच आहे.

वारा होता, ओळंबा थांबायला वेळ लागला. लेकीने पिरॅमिडचे छायाचित्र काढले आणि विचारले की हिंगणघाटच्या कबरीचे छायाचित्र माझ्याजवळ आहे का. नव्हते. एकतीस वर्षांत ते काढावे असे मला सुचलेच नव्हते. परतल्यावर दुसऱ्याच रविवारी सकाळी मी कबरीपाशी गेलो, गवत काढले, आणि छायाचित्र काढून तिला पाठवले.